एका संगणकात उभे राहणारे नेटवर्क : प्रस्तावना

कंटेनरच्या आधाराने केलेले नेटवर्क इम्युलेशन म्हणजे एकाच संगणकाच्या पोटात राउटर, स्विच, सर्व्हर आणि त्यांना जोडणारे दुवे यांचे आख्खे नेटवर्क उभे करणे. या नेटवर्कमधील तारा खोट्या असतात, यंत्रे नावापुरती असतात. त्यांवर चालणारे सॉफ्टवेअर मात्र अस्सल असते. राउटिंगचा जो प्रोग्रॅम एखाद्या डेटा सेंटरमध्ये चालतो तोच, एकही ओळ न बदलता, विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर चालतो. आपण कुठे आहोत याचा त्याला पत्ता नसतो. तो शेजारच्या राउटरला ओळख देतो, मार्गांची देवाणघेवाण करतो, दुवा तुटला की नवा मार्ग शोधतो आणि त्याच्यात दोष असेल तर तो दोषही इथे जसाच्या तसा प्रकट करतो. या विद्येचे सारे बळ या अस्सलपणात आहे, आणि तिच्या मर्यादाही तिथूनच सुरू होतात.

अशा खटाटोपाची गरज का पडावी, हे अमेरिकेतील नेटवर्कच्या इतिहासातील दोन घटनांवरून चांगले समजते. २७ ऑक्टोबर १९८० रोजी इंटरनेटचे पूर्वज असलेले आर्पानेट काही तास ठप्प झाले. त्या काळच्या राउटरला ‘इम्प’ म्हणत. प्रत्येक इम्प आपल्या दुव्यांची स्थिती सांगणारा संदेश ठरावीक काळाने सर्वांना पाठवी. जुना संदेश कोणता आणि नवा कोणता हे कळावे म्हणून त्यावर ० ते ६३ यांपैकी एक क्रमांक घातलेला असे. ६३ नंतर पुन्हा ० येई. क्रमांक असे गोल फिरत असल्याने, पुढच्या दिशेने ३२ पावलांच्या आत येणारा क्रमांक नवा मानावा, असा नियम होता. त्या दिवशी एका यंत्राच्या हार्डवेअरमधून काही बिट गळाले आणि एकाच इम्पच्या नावाने ८, ४० आणि ४४ या क्रमांकांचे तीन संदेश एकाच वेळी फिरू लागले. नियमाप्रमाणे ४० हा ८ पेक्षा नवा, ४४ हा ४० पेक्षा नवा, आणि गोल फिरून ८ हा ४४ पेक्षा नवा. त्यामुळे प्रत्येक इम्प हे तिन्ही संदेश पुनःपुन्हा नवे समजून शेजाऱ्यांना देत राहिला आणि बाकीचे सगळे काम खोळंबले. शेवटी त्या एका इम्पच्या नावाने येणाऱ्या संदेशांकडे दुर्लक्ष करावे, अशी दुरुस्ती इतर इम्पमध्ये घालावी लागली. बिघाड एका यंत्रात झाला होता, पण नेटवर्क बंद पडले ते बाकीच्यांनी नियम चोख पाळल्यामुळे.

दुसरी घटना ऑक्टोबर १९८६ मधली. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यात जेमतेम ४०० यार्डांचे अंतर. त्यांच्यामधला डेटाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर घसरला. पॅकेट पोहोचले नाही असे समजून प्रत्येक संगणक ते पुन्हा पाठवत होता, त्याने कोंडी वाढत होती, आणि वाढत्या कोंडीमुळे आणखी पॅकेटे गळत होती. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरेल्स यांनी या कोंडीवर जो उपाय शोधला तो १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि इंटरनेटवर डेटा पोहोचवणाऱ्या टीसीपी या प्रोटोकॉलचा कायमचा भाग बनला.

दोन्ही वेळी एकेका यंत्राची तपासणी करून सगळे नेटवर्क का कोंडले हे कळले नसते. पन्नास यंत्रे एकमेकांशी बोलू लागली की त्या बोलण्यातून जे वर्तन तयार होते, ते कोणत्याच एका यंत्रात लिहिलेले नसते. ते पाहायचे तर पन्नासही यंत्रे एकत्र चालवून पाहावी लागतात. पण चालत्या नेटवर्कवर प्रयोग करण्याची मुभा कोणी देत नाही, आणि प्रयोगापुरती पन्नास यंत्रे विकत घेणे बहुतेकांना परवडत नाही. नेटवर्कच्या अभ्यासाच्या सगळ्या पद्धती या अडचणीतून वाट काढण्यासाठी जन्मल्या.

पहिली वाट गणिताची. जितेंद्र पाध्ये यांनी ॲमहर्स्ट येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात व्हिक्टर फिरोयू, डॉन टाउझली आणि जिम कुरोझ यांच्यासह १९९८ मध्ये मांडलेले सूत्र हे या वाटेवरचे उत्तम उदाहरण आहे. पॅकेट जाऊन पोच परत येण्यास लागणारा वेळ आणि गळणाऱ्या पॅकेटांचे प्रमाण या मुख्य गोष्टी हाती असल्या, की टीसीपीचा वेग किती राहील याचा चांगला अंदाज हे सूत्र देते. कागदावर मावणारी अशी स्पष्टता दुसऱ्या कोणत्याही पद्धतीत मिळत नाही. मात्र एखाद्या विशिष्ट राउटरच्या विशिष्ट आवृत्तीत लपलेला दोष सूत्रात येत नाही.

दुसरी वाट सिम्युलेशनची. यात नेटवर्कचे नमुनारूप एका प्रोग्रॅममध्ये लिहितात आणि काळसुद्धा काल्पनिक ठेवतात. एक सेकंदाच्या घटना मोजायला संगणकाला तासभर लागला तरी बिघडत नाही. घड्याळ प्रोग्रॅमच्याच हातात असते. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा, झेरॉक्सचे पार्क संशोधन केंद्र, बर्कलीचे विद्यापीठ आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्या सहकार्याने वाढलेला एनएस-२ हा सिम्युलेटर अनेक वर्षे जगभरच्या प्रबंधांचा आधार होता. एनएस-३ ने त्याची जागा २००८ नंतर घेतली. सिस्कोचे पॅकेट ट्रेसर, ज्यावर असंख्य विद्यार्थी राउटरची पहिली ओळख करून घेतात, तेही याच जातीचे. या वाटेची अडचण सॅली फ्लॉइड आणि व्हर्न पॅक्सन यांनी १९९७ मध्येच नेमकी सांगितली होती. इंटरनेट इतके विजातीय आहे आणि इतक्या वेगाने बदलते, की त्याचा प्रातिनिधिक नमुना लिहिणे हेच मोठे कोडे आहे. शिवाय सिम्युलेटरमधील टीसीपी हा कोणीतरी नव्याने लिहिलेला टीसीपी असतो. लिनक्समधल्या टीसीपीच्या बारीकसारीक खोडी त्यात उतरतीलच असे नाही.

तिसरी वाट खऱ्या यंत्रांची. युटा विद्यापीठात जे लेप्रो यांच्या गटाने एम्युलॅब उभारली. संशोधकाने हवी ती रचना लिहून द्यायची आणि शेकडो संगणकांच्या साठ्यातून ती रचना जोडून मिळायची, अशी ही सोय होती. २००२ मध्ये प्रिन्स्टनचे लॅरी पीटरसन, बर्कलीचे डेव्हिड कलर आणि इतरांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या प्लॅनेटलॅबने जगभरच्या विद्यापीठांतील संगणक एकत्र आणले. खऱ्या इंटरनेटवर, खऱ्या अंतरांवर प्रयोग करता येऊ लागले. आजचे क्लाउडलॅब, फॅब्रिक हे प्रकल्प याच परंपरेतले. या सुविधांनी मोठे काम केले आहे. तरी तिथे रांग असते, मुदत असते, आणि प्लॅनेटलॅबवर केलेला प्रयोग दुसऱ्या दिवशी पुन्हा केला तर आकडे वेगळे येत, कारण मधले इंटरनेट तेच राहिलेले नसे.

या तिन्ही वाटांच्या मधोमध एक जागा रिकामी होती. सॉफ्टवेअर खरे, वेळ खरा, पण तारा कृत्रिम. ती भरण्याची सुरुवात एकेका दुव्यापासून झाली. इटलीतील पिसा विद्यापीठात लुइजी रिझो यांनी १९९७ मध्ये डमीनेट सादर केले. संगणकातून बाहेर पडणारी पॅकेटे थोडा वेळ अडवून ठेवायची, काही गाळायची आणि अशा रीतीने दूरच्या, मंद दुव्याचा आभास निर्माण करायचा, ही त्यामागची युक्ती. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने लिनक्ससाठी निस्टनेट तयार केले आणि पुढे स्टीफन हेमिंगर यांनी लिहिलेले नेटेम लिनक्स कर्नलमध्येच दाखल झाले. विलंब, गळती, पॅकेटांचा उलटसुलट क्रम हे सगळे आज कोणत्याही लिनक्स संगणकावर एका आज्ञेने घडवता येते ते नेटेममुळे. दुवा असा कृत्रिम करता आला. आता प्रश्न उरला तो दुव्याच्या टोकांवरच्या यंत्रांचा. तो कंटेनरांनी सोडवला.

लिनक्सच्या कर्नलमध्ये कंटेनर नावाची एकसंध वस्तू नाही. दोन स्वतंत्र सोयी एकत्र वापरल्या की कंटेनर तयार होतो. पहिली सोय नेमस्पेसची. एखाद्या प्रोग्रॅमला फाइली, प्रक्रिया, संगणकाचे नाव किंवा नेटवर्क यांचे कोणते जग दिसावे हे नेमस्पेस ठरवते. इथे महत्त्वाची आहे ती नेटवर्क नेमस्पेस. तिच्यात स्वतःचे इंटरफेस, स्वतःचे आयपी पत्ते, स्वतःचा मार्गांचा तक्ता आणि स्वतःचे फायरवॉलचे नियम असतात. हे काम कर्नलच्या २.६.२४ या आवृत्तीत सुरू झाले आणि २००९ च्या २.६.२९ पर्यंत वापरण्याजोगे पूर्ण झाले. दुसरी सोय सीग्रुपची. पॉल मेनेज आणि रोहित सेठ या गूगलमधील अभियंत्यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या कामातून ती आली. कोणत्या गटाने सीपीयू आणि मेमरी किती वापरायची याला ती मर्यादा घालते. हे सगळे जुन्या वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखे आहे: प्रत्येकाची चूल वेगळी, दाराला कुलूप वेगळे, पण छप्पर आणि विहीर सामायिक. कंटेनरांच्या बाबतीत सामायिक असतो तो कर्नल. आभासी यंत्राला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, स्वतःचा वेगळा कर्नल लागतो आणि त्यापायी बरीच मेमरी खर्च होते. व्यापारी राउटरचे एकेक आभासी यंत्र कित्येक गिगाबाइट मागते. तेवढ्या मेमरीत मुक्त राउटिंग सॉफ्टवेअरचे डझनावारी कंटेनर आरामात राहतात. २०१३ मध्ये डॉकर आल्यावर कंटेनर भरणे, पाठवणे आणि चालवणे सोपे झाले आणि हा शब्द घरोघर पोहोचला. नेटवर्कवाल्यांचे काम मात्र त्याआधीच सुरू झाले होते.

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते तीन राउटरांच्या एका छोट्या नेटवर्कवरून पाहता येईल. आधी तीन नेटवर्क नेमस्पेस तयार करायच्या. त्यांना जोडण्यासाठी लिनक्समध्ये व्हीईथ नावाची आभासी तार असते. तिला दोन टोके. एका टोकात घातलेले पॅकेट दुसऱ्या टोकातून बाहेर पडते. अशा तीन तारांनी राउटरांचा त्रिकोण जोडायचा, प्रत्येक टोकाला पत्ता द्यायचा आणि नेटेमने प्रत्येक दुव्यावर १० मिलिसेकंदांचा विलंब लावायचा. मग प्रत्येक नेमस्पेसमध्ये एफआरआर हे मुक्त राउटिंग सॉफ्टवेअर सुरू करून त्यात ओएसपीएफ ही मार्गांची देवाणघेवाण करणारी पद्धत चालू करायची. मांडणीला काही सेकंद लागतात आणि मिनिटभरात तिन्ही राउटरांना एकमेकांचे मार्ग समजतात.

आता एक दुवा तोडायचा, आणि इथे खरे शिक्षण सुरू होते. तारेच्या एका टोकाचा इंटरफेस बंद केला, तर दुसऱ्या टोकाला संकेत गेल्याचे कर्नल त्या क्षणी कळवतो आणि राउटर लगेच तिसऱ्या बाजूने फिरून जाणारा मार्ग धरतो. इंटरफेस चालू ठेवून नेटेमला दोन्ही बाजूंनी शंभर टक्के पॅकेटे गाळायला सांगितले, तर मात्र निराळेच घडते. तार शाबूत दिसते, शेजारी बोलत नाही. ओएसपीएफ दर १० सेकंदांनी ओळखीचा संदेश पाठवते आणि सहसा ४० सेकंद तो आला नाही तरच शेजारी गेला असे मानते. तेवढा वेळ त्या दिशेला पाठवलेले प्रत्येक पॅकेट वाया जाते. दोन राउटरांच्या मध्ये स्विचचे काम करणारा ब्रिज घातला, तर पहिल्या प्रकारातही पलीकडच्या राउटरला काहीच कळत नाही आणि त्यालाही तेवढीच वाट पाहावी लागते. पाठ्यपुस्तकात एका ओळीत येणारा ४० सेकंदांचा नियम अशा रीतीने पडद्यावर पाहिला, की बीएफडीसारखी जलद तपासणीची सोय कशासाठी लागते हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या तंत्राचा विकास एका सरळ रेषेत झाला नाही. वेगवेगळ्या गरजांतून वेगवेगळे प्रवाह निघाले. सर्वांत जुन्या प्रवाहाचा उगम क्रोएशियात आहे. झाग्रेब विद्यापीठाचे मार्को झेत्स यांनी २००३ मध्ये फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्ये नेटवर्कच्या अनेक स्वतंत्र प्रती एकाच वेळी चालवून दाखवल्या आणि त्यावर इम्युन्स हे साधन उभे राहिले. बोइंगच्या संशोधन विभागाने ते आधाराला घेऊन कोअर हे साधन तयार केले, पुढे ते लिनक्सच्या नेमस्पेसवर आणले, आणि अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने त्याच्या वाढीला पाठबळ दिले. चित्र काढावे तसे पडद्यावर राउटर मांडायचे, रेघांनी जोडायचे आणि चालू करायचे, अशी त्याची धाटणी आहे. नौदलाला रस होता तो जहाजे, वाहने आणि विमाने यांच्या हलत्या, बिनतारी नेटवर्कमध्ये. म्हणून रेडिओच्या दुव्यांचे वर्तन घडवणारे एमेन हे दुसरे साधन कोअरच्या जोडीला आले. संरक्षणाच्या गरजेतून निघालेले हे सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली सर्वांना उपलब्ध आहे, ही गोष्ट मोलाची मानली पाहिजे. कोणत्याही महाविद्यालयाला ते एक पैसा न देता वापरता येते.

दुसरा प्रवाह स्टॅनफर्डचा, आणि विचाराच्या दृष्टीने तो सर्वांत समृद्ध आहे. नेटवर्कचा मेंदू राउटरांतून काढून एका मध्यवर्ती सॉफ्टवेअरमध्ये आणण्याची कल्पना तिथे २००८ च्या सुमारास ओपनफ्लोच्या रूपाने आकार घेत होती. ही कल्पना तपासायला ओपनफ्लो समजणारे स्विच हवे होते आणि बाजारात ते जवळजवळ नव्हते. बॉब लँट्झ, ब्रँडन हेलर आणि निक मॅकेओन यांनी २०१० मध्ये मिनिनेट सादर केले. एका आज्ञेत लॅपटॉपवर नेटवर्क उभे करायचे, पायथनच्या काही ओळींत त्याची रचना बदलायची, आणि त्यावर चाललेले नियंत्रणाचे सॉफ्टवेअर पुढे खऱ्या स्विचवर तसेच न्यायचे. मिनिनेटने ही नवी विद्या शिकवण्याची रीतच बदलली.

मिनिनेटच्या पुढच्या टप्प्याकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. २०१२ मध्ये निखिल हंडिगोल, हेलर, विमलकुमार जेयाकुमार, लँट्झ आणि मॅकेओन यांनी थेट विश्वासार्हतेचा प्रश्न घेतला. एका यंत्रावर पन्नास कंटेनर एकाच सीपीयूसाठी भांडत असतील तर आलेले आकडे नेटवर्कचे की भांडणाचे? त्यांनी सीपीयूचे वाटप बांधून दिले, दुव्यांची गती बांधून दिली आणि मुख्य म्हणजे प्रयोग चालू असताना पॅकेटे ठरल्या वेळी सुटतात की नाही याची नोंद ठेवली. डेटा सेंटरसाठीच्या डीसीटीसीपीचा प्रयोग त्यांनी पुन्हा केला तेव्हा सेकंदाला १०० मेगाबिटच्या दुव्यांवर तो खऱ्या यंत्रांशी जुळला. १ गिगाबिटवर त्यांचे यंत्र मागे पडू लागले, आणि ते मागे पडत असल्याचे नोंदींतूनच उघड झाले. स्टॅनफर्डच्या नेटवर्किंगच्या प्रगत वर्गातील विद्यार्थ्यांना त्याच सुमारास प्रसिद्ध शोधनिबंधांतील एखादा निष्कर्ष पुन्हा मिळवून दाखवण्याचे काम देण्यात आले. प्रयोगाची सगळी सामग्री एका फाइलीत मावत असल्याने तो कोणालाही पुन्हा चालवता येत होता. रसायनशास्त्रात किंवा भौतिकीत जी शिस्त गृहीत धरली जाते, ती संगणकाच्या नेटवर्कमध्ये विद्यार्थ्यांच्या हाती आली ती या मार्गाने.

तिसरा प्रवाह सुरक्षेच्या शिक्षणाचा. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज विद्यापीठात वेनलियांग डू यांनी २००२ पासून सीड प्रयोगमाला चालवली आहे. तिच्यात अलीकडे सीड इंटरनेट इम्युलेटरची भर पडली. पायथनमध्ये लिहिलेल्या वर्णनातून हे साधन स्वायत्त नेटवर्के, त्यांना जोडणारी इंटरनेट एक्स्चेंज, त्यांच्यात मार्ग जाहीर करणारे बीजीपी, नावांचे पत्ते सांगणारे डीएनएस असे छोटेखानी इंटरनेट डॉकरच्या कंटेनरांत उभे करते. दुसऱ्याच्या मालकीचे पत्ते आपलेच आहेत असे एका नेटवर्कने जाहीर केले तर बाकीचे जग कसे फसते, हे खऱ्या इंटरनेटवर करून पाहणे गुन्हा ठरेल. इथे विद्यार्थी तो हल्ला करतो, त्याचा परिणाम नकाशावर पसरताना पाहतो आणि मग त्यावरचा बचावही स्वतः उभारतो.

चौथा प्रवाह उद्योगाचा. इथे पाध्ये यांचे नाव पुन्हा येते. ज्यांच्या सूत्राने टीसीपीला कागदावर आणले, तेच २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या क्रिस्टलनेट या प्रकल्पाच्या निबंधाचे एक सहलेखक आहेत. कंपनीने आपल्या नेटवर्कमधील मोठ्या बिघाडांची कारणे तपासली तेव्हा सर्वांत मोठा वाटा उपकरणांवरच्या सॉफ्टवेअरमधील दोषांचा निघाला. असे दोष नमुन्यात दिसत नाहीत. ते सॉफ्टवेअर प्रत्यक्ष चालवावे लागते. क्रिस्टलनेट कंटेनर आणि आभासी यंत्रांच्या जाळ्यात उपकरणांचे खरे फर्मवेअर, चालू नेटवर्कमधील खऱ्या सेटिंगसह चालवते आणि काही मिनिटांत हजारो उपकरणे उभी करते. सबंध नेटवर्क उभे करणे परवडत नाही म्हणून ते एक सीमा निवडते. सीमेच्या आत सगळे खरे, सीमेवर ठरलेली माहिती सांगणारे स्थिर शेजारी. आतला बदल बाहेर जाऊन पुन्हा आत परिणाम करणार नाही अशी सीमा शोधणे हा या कामाचा सर्वांत देखणा भाग आहे. पाध्ये यांच्या दोन कामांत एकोणीस वर्षांचे अंतर आहे आणि तेवढ्या काळात या क्षेत्राचा कल सूत्राकडून प्रत्यक्ष चालवून पाहण्याकडे किती झुकला, हे त्यांवरून कळते.

सगळे अभियंते त्या बाजूला गेले असे मात्र नाही. बॅटफिशसारखी साधने राउटरच्या सेटिंगची फाइल वाचून, काहीही न चालवता, त्यातील चुका शोधतात आणि त्या कामात ती अतिशय वेगवान आहेत. सेटिंगमधील चूक असेल तर बॅटफिश आणि सॉफ्टवेअरमधील दोष असेल तर इम्युलेशन, असा समंजस तोडगा व्यवहारात निघाला आहे आणि तो योग्यही आहे. नोकियाच्या अभियंत्यांनी सुरू केलेले कंटेनरलॅब, गूगलच्या पुढाकाराने आलेले केएनई आणि आभासी यंत्रातल्या राउटरला कंटेनरात बसवणारे व्हीआरनेटलॅब यांमुळे जे क्रिस्टलनेटसारख्या प्रकल्पाला मोठा चमू लावून करावे लागले, त्याची लहान आवृत्ती एका माणसाला एका साध्या फाइलीतून करता येते. अरिस्टा, ज्युनिपर, नोकिया यांनी आपले राउटिंग सॉफ्टवेअर कंटेनरच्या रूपात उपलब्ध केल्याचाही यात मोठा हात आहे.

या साधनांचे मोल समजले की त्यांची हद्दही तितक्याच स्पष्टपणे सांगावी लागते. पहिली हद्द वेळेची. इथे सेकंद म्हणजे खराच सेकंद. यंत्राला काम झेपले नाही तर सिम्युलेटरसारखे घड्याळ थांबवता येत नाही. सॅन दिएगोच्या विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये घड्याळ संथ करून यावर मात करण्याची युक्ती दाखवली होती, पण ती रोजच्या वापरात रुळली नाही. दुसरी हद्द सामायिक कर्नलची. लिनक्सच्या टीसीपीत फरक करून दोन आवृत्त्या एकमेकींसमोर उभ्या करायच्या असतील तर कंटेनर उपयोगाचे नाहीत. तिथे आभासी यंत्रेच हवीत. तिसरी हद्द हार्डवेअरची. मोठ्या राउटरमध्ये पॅकेट पुढे ढकलण्याचे काम खास चिप करते. तिच्या रांगा, तिच्या तक्त्यांची क्षमता आणि तिचे दोष कंटेनरात येत नाहीत. रेडिओच्या बाबतीत ही दरी आणखी रुंद आहे. म्हणूनच नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील कलोझियम या सुविधेत संशोधकाचे सॉफ्टवेअर कंटेनरात असले, तरी खाली २५६ खरे सॉफ्टवेअर रेडिओ ठेवलेले आहेत.

ही विद्या आत्ता शिकण्याजोगी का, याचे एक उत्तर ४ ऑक्टोबर २०२१ च्या दिवसाने दिले. फेसबुकच्या देखभालीच्या कामात मुख्य नेटवर्कची क्षमता तपासण्यासाठी एक आज्ञा दिली गेली आणि तिने डेटा सेंटरांना जोडणारे सगळे दुवे बंद केले. अशा आज्ञा अडवणाऱ्या तपासणीच्या साधनात दोष होता. डेटा सेंटरांशी संपर्क तुटलेला पाहून डीएनएस सर्व्हरांनी, त्यांना शिकवल्याप्रमाणे, बीजीपीवरून आपले पत्ते मागे घेतले. सुमारे सहा तास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगाला दिसेनासे झाले. भारतातील कोट्यवधी माणसांची रात्र त्यात गेली. कंपनी अशा संकटांचे सराव करत असे, पण मुख्य नेटवर्कच पूर्ण बंद पडल्याचा सराव कधी केला नव्हता, असे तिने नंतर सांगितले. १९८० च्या आर्पानेटप्रमाणे इथेही डीएनएस सर्व्हरांनी आपापला नियम पाळला होता.

दुसरे कारण कामाच्या पद्धतीतील बदलाचे. नेटवर्कची मांडणी आता हाताने एकेका राउटरवर जाऊन करण्याऐवजी फाइलींत लिहिली जाते, आणि सॉफ्टवेअरप्रमाणे प्रत्येक बदल आधी तपासून मग लागू करण्याची अपेक्षा असते. ती तपासणी होण्याची जागा म्हणजे कंटेनरांतले हे नेटवर्क. तिसरे कारण सर्वांत साधे आहे आणि मराठी वाचकासाठी सर्वांत जवळचे. राउटरांचे कपाट विकत घेणे तालुक्याच्या ठिकाणच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला परवडत नाही. मात्र तिथल्या प्रयोगशाळेत असलेल्या साध्या लिनक्स संगणकावर वीस राउटरांचे नेटवर्क चालते, आणि त्यात चालणारे एफआरआर किंवा सोनिक हे सॉफ्टवेअर तेच असते जे मोठ्या कंपन्यांच्या डेटा सेंटरांत चालते. सिरॅक्यूज आणि स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी केलेले प्रयोग त्याच रूपात इथे करता येतात. या विषयावरचे जवळजवळ सगळे लेखन इंग्रजीत असणे ही एवढीच अडचण उरते, आणि प्रस्तुत ग्रंथ ती दूर करण्यासाठी लिहिला आहे.

ग्रंथाचा वाचक लिनक्सच्या आज्ञा देऊ शकतो आणि आयपी पत्ता म्हणजे काय ते जाणतो, एवढेच गृहीत धरले आहे. सुरुवात कोणत्याही तयार साधनाशिवाय, वर वर्णन केलेल्या तीन नेमस्पेसपासून होते. मिनिनेट, कोअर, कंटेनरलॅब ही साधने पडद्याआड काय करतात हे हाताने करून पाहिलेले असले, की ती बिघडल्यावर माणूस अडत नाही. साधनांची तुलना करताना कोणाचा कैवार घेतलेला नाही; कोणत्या प्रश्नाला कोणते साधन, हा निकष ठेवला आहे. प्रत्येक प्रयोगाच्या आरंभी त्यातील काय खरे आणि काय कृत्रिम हे लिहिले आहे, आणि वेळेशी संबंधित प्रत्येक आकड्यासोबत यंत्रावरचा भार मोजण्याची रीत दिली आहे. विद्यार्थ्यांना हा भाग कंटाळवाणा वाटू शकतो. तो गाळू नये, कारण २०१२ च्या स्टॅनफर्डच्या कामाचा खरा वारसा तोच आहे.

बिनतारी नेटवर्कचा विचार इथे कोअर आणि एमेन यांच्या ओळखीपुरताच येतो. रेडिओचे भौतिकशास्त्र हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. चिपच्या पातळीवरची कामगिरी, परीक्षांची आणि प्रमाणपत्रांची तयारी, तसेच कुबरनेटीसची सविस्तर मांडणी या गोष्टी मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. पारिभाषिक शब्दांत अभियंते रोज जे बोलतात तेच वापरले आहेत: राउटर, पॅकेट, कर्नल, कंटेनर. साधनांच्या आवृत्त्या वेगाने बदलतात. म्हणून प्रत्येक प्रयोगासोबत कर्नलची आणि साधनाची आवृत्ती नोंदवली आहे, आणि आज्ञांपेक्षा त्यांच्या मागची रचना अधिक विस्ताराने समजावली आहे. नेमस्पेस, व्हीईथ आणि नेटेम ही त्या रचनेची अंगे पंधराहून अधिक वर्षे टिकून आहेत, आणि त्यांवर उभी राहिलेली साधने बदलली तरी वाचकाला ती ओळखू येतील.